लेबल नसलेली बाटली

सोमवार, ३ तारीख

शिंपीणबाई यांना,

फोन करायचा नाही, लिहायचं असेल तर लिही, असा तुझा निरोप ताईंनी पोचवला. म्हणून लिहितोय. दुकानातल्या पॅडवर लिहितोय, त्यामुळे पानाच्या कोपऱ्यात छापलेला एक माणूस तोंडावर मूठ धरून खोकताना दिसेल. तो औषध कंपनीचा आहे. मी बरा आहे.

तुझं मशीन झाकून ठेवलंय. अल्टरच्या दोन पँटी गिऱ्हाइकांनी नेल्या. निवृत्त मास्तरांचा कोट तसाच आहे. कोट आत घ्यायला दिला होता, आता ते म्हणतात राहू द्या, मीच भरलोय. तू कधी येणार असं सगळे विचारतात. मी सांगतो, बहिणीकडे गेलीय, जरा आराम.

ताई म्हणाल्या, तुझी जळजळ अजून पुरती थांबलेली नाही. मोठ्या दवाखान्यातल्या त्वचेच्या डॉक्टरांनी अठरा तारीख दिलीय आणि त्या दिवशी जळजळ होते तिथला कातडीचा छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवणार आहेत. हे ऐकल्यापासून तू नीट जेवलेली नाहीस असंही म्हणाल्या. म्हणून मुद्दाम कळवतो, काही निघणार नाही. तुला काहीही झालेलं नाही. ती तारीख पुढे ढकल. दोन-तीन आठवडे कुठलंच मलम लावू नकोस, नुसतं कोमट पाणी. आपोआप बरं होईल. उगाच चिरफाड कशाला?

तू जाताना मशीनवर ठेवलेली चिठ्ठी माझ्या पाकिटात आहे. 'माझ्याच अंगात काहीतरी बिघडलंय. तुझी निराशा होते, मला माफ कर. बरी होईपर्यंत ताईकडे राहते.' ती मी रोज वाचतो. तू माफी मागायला नको होतीस. त्याबद्दल नंतर कधीतरी लिहीन.

जेवत जा.

तुझा कंपाउंडर


शुक्रवार, ७ तारीख

शिंपीणबाई,

तुझं उत्तर मिळालं. एका ओळीचं. 'तुला एवढी खात्री कशी?'

हे तुझं नेहमीचंच आहे. गिऱ्हाइकाने कितीही सांगितलं की पँट धुतल्यावर आटली, तरी तू आधी शिवणच बघणार. मी तुझा प्रश्न शर्टाच्या खिशात ठेवून दिवसभर औषधं विकली. एका आजींना सकाळची गोळी संध्याकाळच्या पाकिटात घालून दिली. त्यांनीच परत आणून दिली आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमचं लक्ष कुठंय?"

ऐक. पहिल्यांदा तुला जळजळ झाली तो रविवार आठव. दुकान दुपारी बंद होतं. तू विचारलं होतंस, "पुदिन्याचा वास येतोय का रे?" मी म्हटलं, "गोळी चघळतोय." खरंच माझ्या तोंडात पेपरमिंटची गोळी होती. आता विचार करताना वाटतं, त्या गोळीमुळेच झालं असावं. त्यातला पुदिन्याचा अर्क नाजूक जागी लागला तर झोंबतो. साखरेनेही बिघडतं. माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. डॉक्टरांना तेवढं सांग. कदाचित ते तुकडा काढणार नाहीत.

सांगायला उशीर झाला, चूक झाली. मुद्दाम कोण करतं असं?

तुझा कंपाउंडर


मंगळवार, ११ तारीख

प्रिय,

मागच्या पत्रात लिहिलं ते खोटं होतं. गोळी खरी होती, पण ती मी वास झाकायला तोंडात ठेवली होती.

एवढं एक वाक्य लिहायला मला शनिवारपासून मंगळवारपर्यंत वेळ लागला. आता थांबत नाही.

शनिवारी दुकानात एक जोडपं आलं. पन्नाशीचं असेल. नवरा चष्म्याच्या डब्या बघायला लागला आणि बाईंनीच हळू आवाजात विचारलं, "कुठंतरी वाचलंय हो, पुदिन्याचं काही लावलं की आपसात… म्हणजे गार, छान वाटतं. टूथपेस्ट चालते का?" मी नेहमीच्या आवाजात सुरू झालो. टूथपेस्ट नाही, बाम नाही, माउथवॉश नाही आणि पुदिन्याचं तेल तर मुळीच नाही. तिथली त्वचा हातापायाच्या कातडीसारखी नसते, फार पातळ असते, झोंबते आणि भाजतेसुद्धा. त्यासाठीच बनवलेलं सौम्य जेल मिळतं, पण तेही सगळ्यांना सोसत नाही, म्हणून आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबा. झोंबलं तर लगेच पुसून कोमट पाण्याने धुवा. थांबलं नाही तर डॉक्टरांकडे जा आणि काय लावलं होतं ते लाजू नका, सांगा. कंडोम वापरत असाल तर तेलकट काहीच नको, तो फाटतो.

बाईंनी सगळं मन लावून ऐकलं. मग नवऱ्याला कोपराने ढोसत म्हणाल्या, "आणि यांना न सांगताच लावलं तर?" तो डबी हातात धरून म्हणाला, "मी काय दाराची बिजागरी आहे, न विचारता तेल घालायला?" दोघंही हसले. मी नाही हसू शकलो. औषधं मोजायच्या ताटलीकडे बघत उभा राहिलो. बाईंना वाटलं, मला अवघडल्यासारखं झालं.

आता माझं ऐक. सलग लिहितो.

तुला आठवत नसेल, पण पहिल्या जळजळीच्या आधीच्या एका रविवारी आपण जवळ असताना तू मध्येच म्हणाली होतीस, "झालं का रे? मास्तरांच्या कोटाला बाही उलटी लागलीय की काय, सारखं मनात येतंय." तू हसलीस, मीही हसलो. पण ते मला लागलं. लग्नाच्या चौदा वर्षांनी आपण उलट्या बाहीपेक्षाही खाली गेलो, असं मनात बसलं. ते तुला सांगायला हवं होतं. त्याऐवजी एका औषध कंपनीच्या माणसाचं ऐकलं. तो काउंटरला टेकून सांगत होता की थंडावा देणाऱ्या जेलला हल्ली फार मागणी आहे. मी तेही मागवलं नाही. पुरवठादाराला काय वाटेल याची लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर घमेंड होती. एवढं साधं मिश्रण, आपणच करू. तू मला चिडवायला कंपाउंडर म्हणतेस आणि मी दरवेळी सांगतो, मी शिकलेला फार्मासिस्ट आहे. त्या दिवशी मी दोन्ही नव्हतो.

मेन्थॉलचे खडे मागच्या कपाटात होते. आपण नेहमी वापरतो त्या ड्रॉवरमधल्या साध्या तेलाची बाटली दुकानात नेली आणि तिच्यात ते विरघळवले. वजन केलं नाही. मिलिग्रॅमच्या फरकासाठी मी इतरांशी वाद घालतो, पण तिथं चिमटीने टाकले. वास कमी वाटला म्हणून आणखी टाकले. बाटलीवर काही लिहिलं नाही. माझ्या दुकानात लेबल नसलेली एवढी एकच बाटली होती आणि ती मी तुझ्या उशाशी आणून ठेवली. केसांचा रंग घ्यायला आलेल्या प्रत्येक माणसाला मी सांगतो, आधी कानामागे लावून बघा. हे मी स्वतःच्या मनगटावरसुद्धा लावून बघितलं नव्हतं.

तुला विचारलं का नाही? तू नको म्हणशील याची भीती नव्हती. तू हसशील याची होती.

मग तू विचारलंस, पुदिन्याचा वास येतोय का. मी गोळीचं सांगितलं.

तू मोरीत धावलीस आणि गार पाणी ओतत राहिलीस. पाण्याने तेल जात नाही. मला माहीत होतं. आधी साध्या तेलाने अलगद पुसून घ्यायला हवं होतं, मग कोमट पाणी आणि सौम्य साबण. गार पाण्याने तर मेन्थॉल आणखी झोंबतं. मी दाराबाहेर उभा होतो. हे तोंडातून काढलं असतं तर तू विचारलं असतंस, तेलात काय होतं? तुला कसं माहीत? म्हणून मी गप्प राहिलो आणि तू वीस मिनिटं पाणी ओतत राहिलीस. मी घड्याळात बघत होतो म्हणून सांगू शकतो.

दुसऱ्या दिवशी आपण डॉक्टरबाईंकडे गेलो. तू खुर्चीवर आणि मी त्या लोखंडी स्टुलावर. त्यांनी विचारलं, "नवीन काही वापरलंत का? साबण, क्रीम, तेल?" तू म्हणालीस, "नाही, नेहमीचंच." आणि माझ्याकडे बघितलंस. मी मान हलवली. बाई म्हणाल्या, "हे तर औषधवालेच आहेत, यांना कळतंच." आणि बुरशीचं मलम लिहून दिलं. ते मीच काढून दिलं. त्यावर लेबलही मीच लावलं, दिवसातून दोन वेळा. बुरशी नसलेल्या, पोळलेल्या त्वचेवर ते किती झोंबलं असेल ते तू दात आवळून दाखवलं होतंस.

अजून एक उरलंय. ते लिहिलं नाही तर सगळंच खोटं ठरेल. महिन्याने तू बरी झालीस. बाटली मी टाकून दिली नव्हती. अर्धी ओतून टाकली होती आणि तेवढंच साधं तेल भरून ती पातळ केली होती. मला वाटलं, मिश्रण वाईट नव्हतं, फक्त तीव्र झालं होतं. औषधाच्या माणसाला असं वाटू शकतं. म्हणजे पहिली वेळ चूक म्हणता येईल. दुसऱ्या वेळेला मला सगळं माहीत होतं. तुझे हाल बघितलेले होते. तरी केलं.

आणि तू पुन्हा पोळल्यावर मी काय म्हणालो? "तुझी कातडीच फार नाजूक आहे." मग तुला यादी करून दिली. वासाचा साबण बंद. नायलॉन बंद. मशीनवर जास्त वेळ बसणं बंद. तू तो चंदनी साबण, जो लग्नाआधीपासून वापरतेस, कामवाल्या बाईंना देऊन टाकलास. घडी घातलेल्या टॉवेलवर बसून शिलाई करायला लागलीस. मी बघत होतो. एकदा तू टॉवेल नीट करत म्हणालीस, "बघ ना, मीही कशी कटकट होऊन बसलेय." तेव्हाही मी फक्त म्हणालो, "होईल बरं."

डॉक्टरबाईंना परत परत तेच दुखणं दिसलं म्हणून त्यांना हे काहीतरी मुरलेलं वाटलं. म्हणून मोठा दवाखाना, म्हणून तुकडा. आणि पहिल्या पत्रात मी तुला तारीख पुढे ढकल म्हटलं ते तुझ्या काळजीपोटी नव्हतं. तपासात काही निघालं नाही तर तू शोधायला लागशील, याची मला भीती होती.

तारीख पुढे ढकलू नकोस. जा. सोबत वेगळा कागद ठेवलाय तो डॉक्टरांना दे. त्यात काय होतं, अंदाजे किती होतं, कोणत्या दोन दिवशी वापरलं आणि नंतर कुठली तीन मलमं झाली, सगळं तारखेनिशी आहे. खाली माझी सही आहे. माझं अक्षर न लागल्याने तुला मोठ्याने वाचून दाखवावं लागू नये म्हणून टाइप केलाय. बाटलीही ताईंच्या पत्त्यावर पाठवलीय. तिच्यावर आता लेबल आहे.

तू आजारी नाहीस. तुझ्यात काही बिघडलेलं नव्हतं. तुझ्या चिठ्ठीतली माफी माझी होती, ती तू उगाच मागितलीस.

माफ कर असं लिहिणार होतो. तेवढीही लायकी वाटत नाही.

मी


गुरुवार, २० तारीख

कंपाउंडर,

तुझं पत्र ताईसमोर वाचलं नाही. न्हाणीघरात कडी लावून वाचलं. मग नळ सोडून बसले. ताईला वाटलं, पुन्हा जळजळ सुरू झाली.

अठराला गेले. तुझा कागद डॉक्टरांनी दोनदा वाचला. बाटली हुंगली आणि तोंड बाजूला केलं. मला विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं?" मी नाही म्हटलं. त्यांनी सुईची तयारी केलेला ट्रे परत पाठवला. म्हणाले, आत्ता कापायची गरज नाही. सगळी मलमं बंद, चार आठवड्यांनी परत दाखवा. बाहेर आल्यावर ताईने विचारलं, "काय निघालं गं?" मी म्हटलं, "नवरा."

आता माझं ऐक. तुला वाटतं मी बाटलीमुळे चिडलेय. बाटलीमुळेही चिडलेय. पण मी अडीच महिने स्वतःच्या अंगाला घाबरत होते. अंघोळीच्या वेळी खाली बघायची नाही. तू जवळ आलास की आधी तुझ्यासाठी वाईट वाटायचं. माझी आई ज्या दुखण्यात गेली तेच असणार, असं मी मनात धरलं होतं. ते मी तुला एका रात्री सांगितलं होतं. माझ्या दागिन्यांतलं काय कुणाला द्यायचं तेही ताईला सांगून झालं होतं. त्या रात्री तू माझ्या डोक्यावरून हात फिरवत होतास. तेव्हा सांगायला किती शब्द लागले असते?

आणखी एक, तुला लागेल म्हणूनच लिहिते. तू विचारलं असतंस तर मी हसले असते. नक्की हसले असते. मग म्हटलं असतं, दाखव काय आणलंयस ते, आधी मनगटावर लावून बघू. आपण दोघंही हसलो असतो आणि ती बाटली मोरीत गेली असती. नाहीतर तू नीट काहीतरी मागवलं असतंस. मी नको म्हटलंच असतं असं नाही. तू मला विचारायचं सोडून माझ्या अंगावर प्रयोग केलास.

मी इतक्यात येणार नाही. तूही येऊ नकोस. आधी आपल्या डॉक्टरबाईंकडे जा आणि त्याच स्टुलावर बसून सांग. माझ्या तिथल्या कागदांवर लिहिलंय की नवीन काही वापरलं नाही. ते माझ्या नावावर खोटं लिहिलं गेलंय. ते खोड.

मास्तरांना सांग, बाही सरळच होती.

शिंपीण


सोमवार, २४ तारीख

प्रिय,

आज गेलो होतो. सकाळी दुकान उघडायच्या आधी.

माझ्या आधी पाच पेशंट होते. मला सगळे ओळखतात, त्यामुळे आत सोडायला लागले. म्हणाले, "भाऊ, तुम्ही औषधांचंच काहीतरी विचारायला आला असाल, जा पुढे." मी नको म्हटलं आणि नंबर येईपर्यंत बसलो. आत गेल्यावर खुर्ची रिकामी होती. मी स्टुलावर बसलो. बाई म्हणाल्या, "अहो, खुर्चीवर बसा की." मी म्हटलं, "मला इथूनच बोलायचंय."

सगळं सांगितलं. तुला लिहिलं त्याच क्रमाने. मान हलवल्याचंही. बाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग विचारलं, "दुसऱ्या वेळेला तुम्हाला माहीत होतं?" मी हो म्हटलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मी तुमच्या दुकानात पेशंट पाठवते. डोळे मिटून पाठवते." एवढंच. मी याहून जास्त ओरडा खायच्या तयारीने गेलो होतो. पण यानंतर ओरडायचं काही शिल्लकच राहिलं नाही. यापुढे त्या पाठवतील की नाही, मी विचारलं नाही.

त्यांनी तुझी फाइल काढली. 'नवीन काही वापरलेले नाही' या ओळीवर रेघ मारली, बाजूला तारीख घातली आणि खाली नवीन लिहिलं. मी त्याची प्रत मागून घेतली, ती सोबत आहे. शेवटच्या ओळी वाच. 'पतीने मेन्थॉलचे तीव्र मिश्रण रुग्णाच्या नकळत दोनदा वापरले. बुरशी नव्हती. अन्य आजाराचे लक्षण नाही.' खाली त्यांची सही आहे. त्याखाली मीही केलीय, कोणी मागितली नव्हती तरी.

तुझ्या आईचं दुखणं तू मला सांगितलं होतंस, हे तुझ्या पत्रात वाचेपर्यंत मी विसरलो होतो असं लिहिणार होतो. ते खोटं झालं असतं. मला आठवत होतं. त्या रात्री तुझ्या डोक्यावरून हात फिरवताना आठवत होतं. यापेक्षा वाईट काही मी केलं असेल असं मला वाटत नाही.

घरी येताना तुझा चंदनी साबण आणला. पाठवत नाही. पाठवला तर ती लाच होईल. मोरीतल्या कोनाड्यात वेष्टनासकट ठेवलाय. आलीस तर आहे, नाही आलीस तर तसाच राहील. टॉवेलची घडी तुझ्या खुर्चीवरून काढून ठेवलीय.

तू येऊ नकोस म्हणालीस, मी येत नाही. चार आठवड्यांनी तुला परत दाखवायला जायचंय, तेव्हा बोलावलंस तर येईन. आत येणार नाही. बाहेरच्या बाकावर बसेन. आणि तुला चालणार असेल तर एकच गोष्ट तुझ्या तोंडावर सांगेन, कारण ती कागदावर सांगून भागत नाही. त्या रविवारी दुपारी तू मला एक साधा प्रश्न विचारला होतास, पुदिन्याचा वास येतोय का रे. त्याचं उत्तर मी अजून तुला दिलेलं नाही.

हो. येत होता. बाटलीतून येत होता.